तुलना करायला अमेरिकेला

अमेरिकेत शिकायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात, "एमएस ना?" आणि उत्तराची वाट न बघता पुढचा विचारतात, "कुठल्या स्टेटला?" मी मध्येच अडवून "एमएस नाही, पीएच.डी., कम्पॅरेटिव्ह लिटरेचर" असं सांगायचे. ऐकणाऱ्याचा चेहरा 'कम्प' ऐकून उजळायचा आणि नाव पूर्ण होईपर्यंत मावळायचा. मिरजेच्या मावशीनं तर ते 'कम्प्युटर लिटरसी' असंच ऐकलं आणि ती मनापासून हळहळली. "अगं, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जातेस? एमएस-सीआयटी इथं स्टँडसमोर होतंय की!"

वडिलांना मी नीट समजावून सांगितलं. दोन भाषांमधलं साहित्य शेजारी शेजारी ठेवून वाचायचं. वडिलांची सगळी नोकरी बँकेत गेली. त्यांनी मनातल्या मनात दोन खतावण्या टेबलावर मांडल्या असाव्यात. "बरं, ठेवलं," ते म्हणाले. "पुढं?"

या 'पुढं?'चं उत्तर शोधण्यात आमच्या विषयातल्या थोरामोठ्यांची हयात गेली आहे. हचसन मॅकॉले पोस्नेट नावाच्या आयरिश वकिलानं १८८६ साली याच नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि त्याच सुमारास तो प्राध्यापकी करायला थेट न्यूझीलंडला गेला. विषय काढून इतक्या लांब जाण्यामागं काहीतरी कारण असणारच. १९५८ साली रेने वेलेक यांनी भर परिषदेत जाहीर केलं, की हा विषय संकटात आहे. १९९३ साली सुझन बॅसनेट यांनी लिहिलं, की एका अर्थी तो मेलाच आहे. २००३ साली गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचं 'डेथ ऑफ अ डिसिप्लिन' आलं आणि विधी पुरा झाला. यातली गंमत अशी, की स्पिवाकबाईंचं पुस्तक ज्या व्याख्यानमालेतून तयार झालं तिला नाव वेलेक यांचंच आहे. म्हणजे आजारपण ज्यांनी सांगितलं त्यांच्याच नावानं पुढच्यांनी मृत्यू जाहीर केला. पगार मात्र कुणाचाच थांबला नाही.

पहिल्याच आठवड्यात हे सगळे मृत्युलेख आम्हाला वाचायला दिले. बरोबरची अमेरिकन मुलं हादरली. कर्ज काढून आलो आणि विषयच वारलेला! मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं. राजवाड्यांनी मराठीला मुमूर्षू ठरवलं त्याला शंभरेक वर्षं झाली. तेव्हापासून 'मराठी टिकेल का?' या विषयावर परिसंवाद झाला नाही असं एक वर्ष गेलं नसेल, आणि २०२४ साली तिला अभिजात दर्जाही मिळून गेला. मरणासन्न गोष्टींबरोबर निवांत संसार करण्याची मराठी माणसाला सवय आहे.

त्याआधी व्हिसाची खिडकी झाली होती. काचेपलीकडच्या साहेबानं विचारलं, "हा विषय तुमच्या देशात शिकता येत नाही?" खरं उत्तर होतं, येतो. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसूंनी १९५६ साली त्याचा स्वतंत्र विभाग काढला. रवींद्रनाथ तर १९०७ मध्येच 'विश्वसाहित्य' या विषयावर बोलून मोकळे झाले होते. मुंबई विद्यापीठात टागोरांच्या नावाचं तौलनिक साहित्याचं अध्यासन आहे. त्यावर वसंत बापट बसले, पुढं भालचंद्र नेमाडे बसले. पण खिडकीपाशी खरं उत्तर द्यायला सवड नसते, मागं रांग असते. मी म्हटलं, "तिथली ग्रंथालयं फार मोठी आहेत." "काय वाचणार?" "मराठी." मराठी पुस्तकं वाचायला अमेरिकेला निघालेल्या बाईपासून देशाला धोका नाही, अशी त्याची खात्री पटलेली दिसली. या व्हिसात आपण शिकून परत येणार हे पटवून द्यावं लागतं. इंजिनिअर मुलं त्यासाठी घराचे उतारे आणि आईवडिलांचे फोटो घेऊन जातात. आमच्या विषयाचं नाव हाच पुरेसा पुरावा. सरकारलाही ते मान्य असावं, कारण पदवीनंतर तिथं नोकरी करायला आम्हाला १२ महिने मिळतात आणि तंत्रविज्ञानवाल्यांना वर आणखी २४. संगणकाला तीन वर्षं, कालिदासाला एक.

ग्रंथालयाचं मी सुटका करून घ्यायला बोललेले होते, ते खरं निघालं. मिडवेस्टातलं आमचं विद्यापीठ मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं आहे. पहिल्या हिवाळ्यात, बाहेर नाकातला श्वास गोठत असताना, मी तळघरातल्या मराठीच्या कपाटांपाशी पोचले आणि तिथंच फतकल मारून बसले. साठ-सत्तरच्या दशकातल्या कादंबऱ्या, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कवींचे स्वखर्चानं छापलेले संग्रह, कुठल्याशा सहकारी मुद्रणालयात निघालेली आत्मचरित्रं. ज्यांच्या प्रती लेखकाच्या नातवंडांकडंही उरल्या नसतील, ती पुस्तकं इथं पक्क्या बांधणीत, तापमान राखून, पानं न कापलेल्या अवस्थेत उभी. ही आली कुठून?

गव्हातून. अमेरिकेनं १९५४ साली 'पब्लिक लॉ ४८०' नावाचा कायदा केला. त्याखाली आपल्याला धान्य मिळायचं आणि त्याची किंमत आपण रुपयांत चुकवायची. रुपये अमेरिकेला नेऊन उपयोग नव्हता, ते भारतातच साठत गेले. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की यातून पुस्तकं घ्या. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्या पैशातून भारतीय भाषांमधली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवायला सुरुवात केली. म्हणजे इकडं आमची आजी रेशनच्या रांगेत उभी राहून तांबड्या मिलो ज्वारीला शिव्या देत होती, त्याच दिवसांत तिच्या मिलोच्या हिशेबात एका हौशी कवीचा संग्रह बोटीत चढत होता. आजी सांगते, मिलोची भाकरी थापताना मोडायची. कवितासंग्रह मी चाळून पाहिला. व्यवहारात कुणी कुणाला फसवलं असं म्हणता येणार नाही.

एरिक आउअरबाख या विषयाचे भीष्माचार्य. नाझींनी जर्मनीत नोकरीतून काढल्यावर ते इस्तंबूलला गेले आणि होमरपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंत सगळा युरोप कवेत घेणारा 'मिमेसिस' त्यांनी तिथं बसून लिहिला. शेवटी त्यांनी नोंदवलं, की हाताशी चांगलं ग्रंथालय नव्हतं म्हणूनच कदाचित हे पुस्तक होऊ शकलं. सगळं वाचायला मिळालं असतं तर लिहायला सुरुवातच झाली नसती. मार्गदर्शकांनी प्रबंधाची प्रकरणं मागितली, की मी आउअरबाखांचं नाव घेते. आमच्याकडं ग्रंथालय आहे, ही माझी अडचण.

आता भाषांचं. पदवीसाठी इंग्रजीखेरीज निदान दोन परकीय भाषा वाचता यायला हव्यात, असा आमच्या विभागाचा दंडक. वर्गमित्र फ्रेंचची क्रियापदं पाठ करून घामाघूम झालेले. माझ्या अर्जावर मराठी, हिंदी, संस्कृत पाहून विभागप्रमुख बाई भारावून गेल्या. "इंग्रजी धरून चार भाषा! केव्हा शिकलात?" त्यांना काय सांगणार? हिंदी रविवारी दुपारी दूरदर्शननं शिकवली. संस्कृत आठवीत शंभर मार्कांचं घेतलं, कारण ते 'स्कोअरिंग' होतं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी कालिदासाचा हात धरला तो टक्केवारीसाठी, आणि दहावीचा निकाल लागल्यावर सोडला. अमेरिकेत याच शिदोरीला 'अभिजात भाषांची पार्श्वभूमी' म्हणतात. पण मार्गदर्शकांना युरोपातलीही एक भाषा हवीच होती, म्हणून मी उन्हाळ्यात 'वाचनापुरतं फ्रेंच' शिकले. या वर्गात फ्रेंच वाचायला शिकवतात, बोलायला अजिबात नाही. परिणामी मला फूकोची वाक्यं शब्दकोश घेऊन लावता येतात, पण पॅरिसच्या हॉटेलात पाणी मागता येणार नाही.

तशी ही भाषांची हाव जुनी आहे. १८७७ साली ट्रान्सिल्वेनियात ह्युगो मेल्ट्झलनं या विषयाचं पहिलं नियतकालिक काढलं तेव्हा त्यानं जगाच्या साहित्यासाठी दहा भाषा अधिकृत ठरवल्या. त्यात डच होती, आइसलँडिक होती. ज्ञानेश्वरी तेव्हा जवळपास सहाशे वर्षांची होती, पण ती बाई यादीबाहेर उभी.

आणि यादीबाहेरून आत आलेल्या माणसाची जी चैन असते, ती सेमिनारमध्ये कळते. टेबलाभोवती बारा जण. त्यातल्या अकरा जणांनी मराठीची एक ओळ वाचलेली नाही. प्राध्यापक माझ्याकडं वळून अदबीनं विचारतात, "मराठी परंपरेत या प्रश्नाकडं कसं पाहतात?" अशा वेळी माणसाला जी सत्ता वाटते ती पुण्याच्या दुकानदारालाही कधी वाटली नसेल. मी चक्रधरांपासून ढसाळांपर्यंत कुठंही जाऊ शकते, कुणाचंही मत काहीही आहे असं सांगू शकते, आणि सगळे वहीत उतरवून घेतात. सांगलीत माझं मत विचारायची पद्धत नव्हती. पुण्यात विचारायचे, पण पुढं स्वतःचंच सांगायचे. इथं मी एकटी आठशे वर्षांची अधिकृत प्रवक्ती! हा उन्माद उतरवण्याचं काम अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या नावानं केलं. या अमेरिकन बाईंनी शं. गो. तुळपुळ्यांबरोबर प्राचीन मराठीचा कोश केला आहे. महानुभावांवर काही बोलण्याआधी मी तो आता गुपचूप उघडून बघते.

अनुवादाच्या सेमिनारला एक जाडजूड ग्रंथ लावला होता. भाषांतर होऊच शकत नाही अशा तत्त्वज्ञानातल्या शब्दांचा तो कोश, मूळ फ्रेंच, २००४ सालचा. आम्ही तो इंग्रजी भाषांतरात वाचला. हजारावर पानं आहेत. सगळी व्यवस्थित भाषांतरित झालेली आहेत. यावर हसणारी वर्गात मी एकटीच होते, म्हणून मी खोकल्याचं निमित्त केलं.

गटेचा तास मात्र मी गाजवला. १८२७ च्या जानेवारीत एकरमानशी बोलताना गटेनं 'विश्वसाहित्य' ही कल्पना मांडली, ती एक चिनी कादंबरी वाचून. एकरमानला वाटलं, ही चिन्यांची एखादी अपवादात्मक कलाकृती असेल. छे, गटे म्हणाला, त्यांच्याकडं अशा हजारो आहेत, आणि आपले पूर्वज रानात राहत होते तेव्हाही होत्या. प्राध्यापकांनी विचारलं, भारतात गटेची ओळख कशी आहे? मी म्हटलं, "तो शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला." टेबलावर शांतता. जर्मन वर्गमित्रानं हळूच विचारलं, "संदर्भ?" आता याला काय संदर्भ असतो! महाराष्ट्रातल्या संस्कृतच्या तमाम मास्तरांनी ते पाहिलेलं आहे. कागदोपत्री एवढंच सापडतं, की विल्यम जोन्सनं शाकुंतल आधी लॅटिनमध्ये उतरवलं, मग १७८९ साली इंग्रजीत आणलं, त्यावरून फॉर्स्टरनं १७९१ साली जर्मन केलं, ते वाचून गटेनं चार ओळी स्तुती लिहिली आणि पुढं 'फाउस्ट'ला सूत्रधार-नटीच्या धर्तीवर नाट्यगृहातला प्रवेश जोडला. तीन गाळण्यांतून आलेल्या शकुंतलेवर माणूस एवढा भाळला. मुळातली वाचली असती तर नाचलाच असता. अर्थ आमच्या मास्तरांना बरोबर कळला होता, कृती त्यांनी पदरची घातली.

शिष्यवृत्तीच्या बदल्यात पदवीच्या मुलांना 'जागतिक साहित्य' शिकवावं लागतं. १५ आठवड्यांत गिल्गमेशपासून चिनुआ अचेबेपर्यंत. या कामासाठी नॉर्टनचा जो प्रसिद्ध संग्रह वापरतात, त्याची पहिली आवृत्ती १९५६ ची. जगातल्या श्रेष्ठ कृती असं नाव, आणि जग पश्चिमेपुरतं. बाकीच्या पृथ्वीला १९९५ च्या विस्तारित आवृत्तीत जागा मिळाली. माझ्या वाट्याला गीता आली ती सोमवारी; बुधवारपासून दुसरा विषय. अठरा अध्याय पन्नास मिनिटांत. मुलं गुणी होती, मन लावून वाचून आली होती. एकानं निबंधात लिहिलं, की अर्जुनाला ऐन कामाच्या ठिकाणी चिंतेचा झटका आलेला असताना त्याच्या सारथ्यानं त्याला सुट्टी घ्यायला सांगायचं सोडून आणखी काम करायला लावलं, हे गंभीर आहे. मी समासात शेरा मारायला पेन उचललं आणि बराच वेळ ते तसंच धरून बसले. टिळकांनी मंडालेत एवढा ग्रंथ लिहिला, पण या आक्षेपाला उत्तर त्यात मला सापडेना. बी प्लस दिला.

सुट्टीत महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जायचे, मुख्यतः उकडीच्या मोदकांसाठी. तिथं एक निवृत्त काका होते. तरुणपणी इंजिनिअर म्हणून आलेले, दिवाळी अंक अजूनही टपालानं मागवणारे. त्यांना माझा विषय ऐकून खराखुरा आनंद झाला; असा आनंद झालेले मला भेटलेले ते पहिले मराठी गृहस्थ. "मग लिही तुझ्या थिसिसमध्ये," मोदकावर तूप घेत ते म्हणाले, "गडकरी म्हणजे महाराष्ट्राचे शेक्सपिअर. हरिभाऊ म्हणजे आपले स्कॉट." यादी लांबत गेली. प्रत्येक मराठी लेखकाला काकांनी एकेक साहेब नेमून दिला होता. मी विचारलं, "काका, मग शेक्सपिअर म्हणजे इंग्लंडचे गडकरी असं का म्हणायचं नाही?" काका थबकले. "तसं कसं म्हणता येईल? तो आधी झाला." "चक्रधर त्याच्याही आधी झाले. त्यांना कुणाचे कोण म्हणायचं?" काकांनी आणखी एक मोदक घेतला आणि विचार करून सांगतो म्हणाले.

आमच्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' केलं. आजीला गोष्ट माहीत ती झुंझाररावाची. एकदा टीव्हीवर मूळ इंग्रजी नाटक लागलं होतं, तर पाच मिनिटं बघून ती म्हणाली, "हे तर आपल्या झुंझाररावावरून घेतलंय. पण नावं का बदलली यांनी?" आमच्या सगळ्या विभागाला शंभर वर्षांत जे जमलं नाही ते आजीनं उठून गॅस बंद करायला जाता जाता केलं होतं.

हे मी सांगितलं ते एका बल्गेरियन मैत्रिणीला. तीही माझ्यासारखीच सबंध देशाची एकटी प्रवक्ती. तिच्याकडं इव्हान वाझोव्ह, १८७६ च्या तुर्की सत्तेविरुद्धच्या उठावावर कादंबरी लिहिणारे. माझ्याकडं हरिभाऊ आपटे, शिवकाळावर 'उषःकाल' लिहिणारे. काळ जवळपास तोच. तिच्याकडचे समीक्षक वाझोव्हवर ह्यूगोचा ठसा शोधतात, आपल्याकडचे हरिभाऊंवर स्कॉटचा. आम्ही ठरवलं, की या दोघांची तुलना करायची आणि निबंधात एकाही फ्रेंच किंवा इंग्रज लेखकाला पाऊल ठेवू द्यायचं नाही. सोफियाहून पुण्याला थेट विमान नाही. निदान साहित्यात तरी चालू करू. तिनं मला वाझोव्ह सांगितले, मी तिला हरिभाऊ, आणि दोघींनी एकमेकींवर संपूर्ण विश्वास ठेवला, कारण दुसरा इलाज नव्हता. प्राध्यापकांनी निबंध वाचून प्रांजळपणे सांगितलं, की यातली एकही गोष्ट मला तपासता येत नाही, पण मांडणी भक्कम आहे. ए दिला.

तोच निबंध आम्ही वार्षिक अधिवेशनात वाचला. आपल्या साहित्य संमेलनाची सवय असलेल्या माणसानं अशा ठिकाणी फार अपेक्षा ठेवू नये. ग्रंथदिंडी नाही, अध्यक्षपदावरून भांडण नाही, जेवणाचा मांडव तर नाहीच. हॉटेलातल्या खिडकी नसलेल्या खोल्यांमध्ये तेच दहा-बारा जण दिवसामागून दिवस एकमेकांचे निबंध ऐकतात. आमची पाळी रविवारी सकाळी साडेआठला होती. श्रोत्यांमध्ये पुढचे वक्ते आणि कॉफीचा थर्मास शोधत चुकून आत आलेले एक वयस्क प्राध्यापक. सभ्य गृहस्थ, शेवटपर्यंत बसले. प्रश्नोत्तरांत त्यांनीच हात वर केला. फार नावीन्यपूर्ण काम आहे म्हणाले, पण एक शंका आहे: हे सगळं प्रूस्तच्या संदर्भात कसं पाहायचं?

मैत्रिणीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी माइक जवळ ओढला.

"प्रूस्त म्हणजे फ्रान्सच्या लक्ष्मीबाई टिळक," मी म्हटलं. "आठवणीच लिहिल्या, पण त्यांना सात खंड लागले. आमच्या बाईंचं चार भागांत झालं, आणि चहात केक बुडवायची गरज पडली नाही."

गृहस्थांनी गंभीरपणे मान डोलावली, खिशातून वही काढली आणि विचारलं, "टिळक. स्पेलिंग सांगता?"